राहून गेलेल्या मालाची हाक

चिंग-चे पहिल्यांदा माझ्या टपरीवर आली ती यिम-सुकांबरोबर. यिम-सुक छत्र्यांच्या दुकानाचे मालक. सुक म्हणजे काका, ते सगळ्या गल्लीचेच काका होते. चिंग त्यांच्या गल्ल्यावर बसायची. माझ्यापेक्षा थोडी मोठी, म्हणून मी तिला चे म्हणायचो, ताई म्हणावं तसं. आपलिऊ रस्त्यावर माझी भोंग्यांची टपरी. जुने कर्णे, माइक, टेपरेकॉर्डर, वायरींची भेंडोळी, आणि या सगळ्यांच्या मधे एका माणसापुरती जागा. त्या दुपारी रस्त्याचं डांबर उन्हाने मऊ झालं होतं आणि लोकांच्या चपला चिकटून सुटताना बारीक आवाज करत होत्या.

यिम-सुकांना दुकान मिटवायचं होतं. त्याआधी उरलेल्या छत्र्या काढून टाकायच्या, आणि त्यासाठी दारात लावायला टेप हवी होती.

"तुम्हीच बोला," म्हणत मी माइक पुढे केला.

काकांनी घसा खाकरला आणि ओरडले, "मेलेला माल! मेलेला माल! गच्चीवरून उडी मारायच्या भावात!"

आता आमच्या बाजारात पडून राहिलेल्या मालाला मेलेला मालच म्हणतात, आणि मालकाचं वाटोळं होईल इतकी स्वस्ताई असली की तो उडी मारायचा भाव. बोलण्यात वावगं काही नव्हतं. पण यिम-सुकांचा आवाज म्हणजे फुटक्या पातेल्यात ढवळलेला डाव. शेजारच्या घड्याळवाल्याने मान बाहेर काढून पाहिलं, कोण पडलं म्हणून.

"काका, असं ओरडलात तर गिऱ्हाईक यायच्या आधी अँब्युलन्स येईल," चिंग म्हणाली. "द्या इकडे."

तिने माइक दोन्ही हातांत धरला, थंडीत चहाचा पेला धरतात तसा. आणि अगदी हळू म्हणाली, "आळीकरांनो, बाहेर ऊन फार आहे. आत या. बघायला पैसे पडत नाहीत. थोड्या छत्र्या राहून गेल्यात, तुमचीच वाट बघतायत. शेवटचे तीन दिवस हं. सावकाश बघा."

"मेलेला माल का नाही म्हणालीस?" यिम-सुक चिडले. "लोकांना कळणार कसं?"

"मेलाय कुठे? उघडून बघा, उघडते की छत्री. राहून गेलीय एवढंच."

आमच्याकडे संध्याकाळी आया खिडकीतून मुलांना हाक मारतात, 'घरी ये रे, सूप प्यायला.' त्या हाकेला उलटं बोलता येत नाही. पाय आपोआप वळतात. चिंगच्या आवाजात तसं काहीतरी होतं. टेप लागली आणि ज्या दुकानात यिम-सुक दिवसभर माशा मारत बसायचे तिथे बायका थांबायला लागल्या. थांबायच्या, आत जायच्या, एखादी छत्री उघडून तिच्याखाली उगाच उभ्या राहायच्या. दुकानाच्या आत, कोरड्या जागी. मी रस्त्यापलीकडून बघायचो तेव्हा वाटायचं, पाण्याखाली फुलं उमलतायत.

डुकराचा पिंजरा पाण्यात बुडवला की पाणी चहूबाजूंनी आत येतं. धंद्यात बरकत आली की आमचे लोक म्हणतात, पिंजऱ्यात पाणी शिरलं. यिम-सुकांच्या पिंजऱ्यात असं पाणी शिरलं की त्यांनी गुपचूप नव्या छत्र्या मागवल्या आणि त्या राहून गेलेल्या म्हणून विकल्या. त्यांचे शेवटचे तीन दिवस दोन नववर्षं उलटली तरी संपेनात.

"काका, तीन दिवस झाले का हो?" मी विचारायचो.

"कुठले तीन ते मी कुठे सांगितलंय?" ते म्हणायचे.

मग इतर दुकानदार यायला लागले. ते दिवस असे होते की आज शटर वर गेलं तर उद्या जाईलच असं नाही. दुकान बंद झालं की आम्ही म्हणतो, टोप आवळला. बांबूची टोपी उचलून माणूस चालू लागला. त्या वर्षांत आमच्या भागात खूप जणांनी टोप आवळला, आणि निघण्याआधी एकेकाला चिंगचा आवाज हवा होता. थर्मासवाला आला, लोकरीवाला आला, लग्नाचे पोशाख भाड्याने देणारी बाई आली.

चिंगची एकच अट असायची. आधी माल बघणार, मग बोलणार. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती त्या दुकानात जाऊन नुसती उभी राहायची. थर्मासच्या दुकानात मी तिच्याबरोबर गेलो होतो. छतापर्यंत थर्मास, प्रत्येकावर गुलाबी फुलं रंगवलेली, आणि वर धुळीचा असा पातळ थर की ती फुलं धुक्यातून दिसावीत. चिंगने एकाचं बूच काढलं आणि त्याच्या तोंडाला कान लावला.

"काय ऐकतेस?"

"काही नाही," ती म्हणाली. "म्हणूनच छान वाटतंय."

मग तिने दुसऱ्याला कान लावला. पंखा फिरत होता. मालक खुर्चीतच पेंगला. मलाही झापड आली आणि डोळे उघडले तेव्हा चिंग अजून तशीच, कुशीत थर्मास घेऊन, डोळे मिटून उभी. त्या दिवशी तिने टेपवर सांगितलं, "आळीकरांनो, यांच्यात अजून कुणी काही भरलेलं नाही. आत या, एखादा घरी न्या." थर्माससाठी रांग लागलेली मी आयुष्यात तेवढीच पाहिली.

राहून गेलेल्या वस्तूंची तिला इतकी माया का, हे मला तिच्या आईमुळे कळलं. लिन-पो. पो म्हणजे आजी. पेईहो रस्त्याच्या बाजारात, जिन्याच्या पायथ्याशी ती संत्र्यांच्या टोपल्या घेऊन बसायची. आवाज खणखणीत, जीभ सुरीसारखी. आमच्याकडे लग्न न झालेल्या बाईला उरलेला ऊस म्हणतात, आणि कुणीच न निवडलेल्या माणसाला टोपलीच्या तळचं संत्रं. लिन-पो दोन्ही म्हणायची, गिऱ्हाइकांसमोर, हसत हसत.

"ही माझी लेक. उरलेला ऊस."

"ऊस उरला, कारण विकणारीने तो सोलून ठेवला नाही," चिंग टोपल्या उचलता उचलता म्हणायची.

"सोलला असता तर माशा बसल्या असत्या!"

"निदान माशा तरी बसल्या असत्या."

गिऱ्हाइकं हसायची, दोन संत्री जास्त घ्यायची. मायलेकींचा हा रोजचा खेळ होता. पण खेळातसुद्धा लागायचं ते लागतच असणार. चिंग तेव्हा चाळिशी ओलांडलेली. घरी दोघीच.

आवाज पसरला तसं त्याला नावही पडलं. लोक तिला टोप-आवळी म्हणायला लागले, म्हणजे जिथे ही बोलते ते दुकान मिटतं. ती भाजी घ्यायला गेली आणि 'पालक कसा दिला?' विचारलं की भाजीवाला दचकायचा. मटणवाल्याने तर एकदा हातच जोडले.

"चिंग-चे, तू काय हवं ते खुणेने सांग ना. बोलू नकोस माझ्या दुकानात. मला दोन मुलं आहेत."

"अरे, मला फक्त पाव किलो हवंय."

"बघ, बोललीस!" त्याने घाईघाईने अगरबत्ती लावली.

हे ती मला हसून सांगायची. हसता हसता मधेच थांबून समोरच्या रस्त्याकडे बघत राहायची. पलीकडे, अलीकडे, कोपऱ्यावर तिचाच आवाज चालू असायचा, एकावर एक. आत या. सावकाश बघा. राहून गेलंय. संध्याकाळी गर्दी थोडी ओसरली की ते सगळे आवाज मिसळायचे आणि शब्द कळेनासे व्हायचे, नुसतं बोलावणं उरायचं.

"माझी बहीण असती तर अशीच बोलली असती," ती एकदा म्हणाली. "माझ्यापेक्षा शांत."

मग लिन-पो विसरायला लागली.

आधी सुटे पैसे, मग जिना, मग नावं. गंमत म्हणजे बाजाराची भाषा काही गेली नाही. डॉक्टरांना ती म्हणाली, 'एवढं महाग? शेजारचा कमी सांगतो.' शेजारणीला म्हणायची, 'आज पहिलं गिऱ्हाईक तू, तुला रिकामी पाठवत नाही.' पण चिंगकडे बघून ती नम्रपणे हसायची, अनोळखी माणसाकडे बघून हसतात तशी. संत्र्यांची जागा दुसऱ्या कुणाला गेली. चिंग सकाळी पेज भरवून, शेजारणीला सांगून कामावर जायची.

एका दुपारी शेजारीण धावत टपरीवर आली. "लिन-पो घरात नाही!"

सगळी गल्ली शोधाला निघाली. मटणवालासुद्धा, एप्रन तसाच. चिंग जिन्याजिन्यांतून हाका मारत फिरत होती, आणि तिची हाक ऐकून लोक चुकून दुकानांत शिरत होते. एरवी हसलो असतो. बाजारात नाही, बागेत नाही, देवळात नाही. शेवटी थर्मासवाल्याने, त्याचेही शेवटचे दिवस अजून संपले नव्हते, मुलीला निरोप घेऊन पाठवलं. आम्ही गेलो. दाराशी, भोंग्याच्या बरोबर खाली, एका बुटक्या स्टुलावर लिन-पो बसली होती. डोळे मिटलेले. हातात चहाचा पेला, दुकानदाराने दिलेला. वर चिंगचा आवाज म्हणत होता, 'आळीकरांनो, आत या.' आणि प्रत्येक वेळी म्हातारी मान हलवून उत्तर देत होती.

"आले गं. आलेच आहे."

चिंग तिच्यासमोर उकिडवी बसली. "आई, चल घरी."

लिन-पोने डोळे उघडले. "थांबा हो बाई, माझी मुलगी बोलतेय."

"आई, मीच ती."

"माझी मुलगी भोंग्यात असते," लिन-पो समजावून सांगावं तसं म्हणाली, आणि पुन्हा डोळे मिटले.

मी दुकानदाराला खूण केली, त्याने टेप बंद केली. आवाज थांबताच लिन-पो आपणहून उठली, दुकान मिटल्यावर गिऱ्हाईक उठतं तशी, आणि चिंगने पुढे केलेला हात धरून मुकाट चालू लागली.

त्यानंतर ती पुष्कळदा निघून गेली, पण हरवली कधी नाही. कुठल्या ना कुठल्या भोंग्याखाली सापडायची. लोकरीवाला तिच्यासाठी उशी ठेवायला लागला. आमच्या गल्लीत अशी रीतच पडली, लिन-पो दिसली की स्टूल पुढे करायचं.

घरी मात्र कठीण होतं. लिन-पो अनोळखी बाईच्या हातून जेवायची नाही. तोंड घट्ट मिटायची. वाळत चालली होती. एक दिवस चिंग माझ्याकडे आली.

"आ-माक, घरात लावता येईल असा भोंगा आहे?"

"घरात? शेजारी मारतील."

"छोटा दे."

मी तिला एक लाकडी डबा दिला, आत लहान स्पीकर, आणि लांब वायरीचा माइक. डबा लिन-पोच्या खाटेशेजारी ठेवला. माइक नेला स्वयंपाकघरात, पडद्यामागे. चिंग ओट्यापाशी उभी राहिली आणि टेपवर बोलायची तशीच हळू बोलली, "आळीकरांनो, कमळकंदाचं सूप गरम आहे. एकच वाडगा राहून गेलाय. आत या."

खाटेवर लिन-पो उठून बसली. "कमी करणार का?"

"फुकट आहे आज."

"फुकट? मग नक्की खराब असणार!"

"चाखून बघा. नाही आवडलं तर परत करा."

वाडगा मदतीला आलेल्या माझ्या बायकोने नेऊन दिला. लिन-पोने चाखला, परत चाखला, आणि सगळा संपवला. पडद्यामागे चिंगने माइक छातीशी धरला होता. डब्यातून तिच्या काळजाचे ठोके ऐकू येत होते, धप धप, लांबून कुणीतरी पीठ कांडत असल्यासारखे.

मग घर तसंच चालायला लागलं. उठायचं, न्हायचं, औषध घ्यायचं, सगळं भोंग्यातून. खाली जिन्यात उभं राहिलं की वरून ऐकू यायचं, "आळीकरांनो, धुतलेला सदरा आलाय, मऊ आहे, एकच उरलाय." त्यावर लिन-पोची घासाघीस. माझी बायको म्हणायची, लग्न झालेल्या जोडप्यातसुद्धा इतकं बोलणं होत नाही, आपल्याकडे बघ.

एका दुपारी शेजारीण पुन्हा टपरीवर आली. "लिन-पो म्हणते भोंगा बिघडलाय. लगेच ये."

मी पाना, स्क्रूड्रायव्हर घेऊन गेलो. लिन-पो खाटेवर टेकून बसलेली. डब्यातून नुसता श्वास ऐकू येत होता, आत-बाहेर, आत-बाहेर.

"बघ रे बाबा," ती म्हणाली, "चांगली बोलत होती, मधेच बंद पडली."

मी स्वयंपाकघरात गेलो. चिंग जमिनीवर बसली होती, हातातला माइक चालूच होता. मी माइक बंद केला. मग तिने मला सांगितलं.

लिन-पोने डब्याला विचारलं होतं, "आ-चिंग, तुझं लग्न झालं का गं?"

"नाही, आई. राहून गेलं."

"बरं झालं," लिन-पो म्हणाली. मग कुजबुजली, गुपित सांगावं तशी. "तुला सांगते, कुणाला बोलू नकोस. चांगली संत्री मी तळाशी ठेवायचे. वर साधी. कुणी खाली हात घातला की म्हणायचे, ती नको घेऊ, तळची आहेत, उरलेली आहेत. माणसं घ्यायची नाहीत. मग ती घरी."

"खोटं असेल," चिंग मला म्हणाली. "विकणारी बाई ती. काहीही विकू शकते." तिने हातातल्या भांडी पुसायच्या फडक्यानेच डोळे पुसले. "पण आम्ही खायचो ती संत्री गोड असायची, एवढं खरं."

मी बाहेर येऊन डब्याचे स्क्रू उगाच काढले, पुन्हा बसवले. "झाला दुरुस्त, लिन-पो."

"किती द्यायचे?"

"तुमच्याकडून नाही घेत."

"असं करशील तर टोप आवळशील," ती म्हणाली.

लिन-पो हिवाळ्यात गेली, दिवसाउजेडी. चिंग तिला डब्यातून बाजार सांगत होती. आज मुळे पांढरे आहेत, आज मासे उड्या मारतायत, आज संत्र्यांना पानं आहेत. खिडकीतून ऊन खाटेवर आलं होतं. लिन-पो प्रत्येक वस्तूला हूं म्हणत होती. मग हूं थांबलं. चिंग आणखी थोडा वेळ बोलत राहिली. भाज्या सगळ्या सांगून झाल्यावर मगच बाहेर आली.

त्यानंतर तिने टेपा करणं सोडलं. आवाजही बसला होता, चिरकायचा. एका धुलाईच्या दुकानात तिने काम धरलं. दिवसभर चादरींच्या घड्या घालायच्या, बोलावं लागत नाही. गल्लीतल्या जुन्या टेपा एकेक करून थांबल्या. यिम-सुकांनीसुद्धा खरोखर दुकान मिटवलं आणि मुलाकडे राहायला गेले. रस्त्यावर आता दुसरे आवाज आले, भरभर बोलणारे, मशीनचे. मी विकतो म्हणून सांगतो, स्वच्छ असतात. पण कुणाचे पाय त्यांच्याकडे वळत नाहीत.

काही वर्षांनी माझी बायको माहेरहून, दूरच्या युएन लाँगहून परत आली आणि दारातूनच म्हणाली, "तुझी चिंग-चे तिथल्या बाजारात बोलतेय."

टेपेची नक्कल कुणी केली, कशी तिकडे पोचली, देव जाणे. मी चिंगला सांगितलं. रविवारी ती चांगला सदरा घालून टपरीवर आली. आम्ही दुमजली बसने गेलो.

चपलांचं दुकान होतं, लहानसं. दारावर भोंगा. तिचा तेव्हाचा आवाज, तरुण, जरा घरघरता, पण तोच. 'सावकाश बघा.' चिंग दाराबाहेर उभी राहून ऐकत राहिली. तिचे ओठ किंचित हलत होते. मग आत गेली.

दुकानदार चाळिशीतला, आनंदी माणूस. तिच्या बसक्या आवाजावरून त्याला काहीच ओळखू आलं नाही.

"बंद करताय का दुकान?" तिने विचारलं.

"छे हो! ही बाई बोलत असते तोवर कशाला बंद करू? तिला ऐकून लोक येतात. कोण आहे ठाऊक नाही, मला ही टेप भाच्याने दिली." त्याने वर बघितलं. "माझी आई गेली त्या महिन्यात मी दुकानात एकटाच बसून हिला ऐकायचो."

मी तोंड उघडलं. चिंगने माझ्या पायावर पाय दिला.

"कापडी चपला आहेत? फुलांच्या?" ती म्हणाली.

त्याने खोकी काढली. ती स्टुलावर बसून एकेक जोड घालून बघत राहिली, घाई न करता. वर तिचाच आवाज तिला घाई नको म्हणून सांगत होता. बाहेर सायकली जात होत्या, कुणीतरी शेंगदाणे भाजत होतं, आणि ती जोडी पायांत घालून आरशासमोर इकडून तिकडे चालत होती, एखादी मुलगी चालावी तशी. घासाघीस केली नाही. दुकानदाराने आपणहून कमी केले.

परतताना बसमध्ये वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळाली. तिने नव्या चपला घातल्या आणि पाय समोरच्या कठड्यावर ठेवले. रस्त्याकडेला माशांची तळी मागे जात होती, त्यांच्या बांधावर बगळे.

"जरा मोठ्या आहेत," ती म्हणाली.

"पुढे कापूस घाल."

"हूं."

बोगदा यायच्या आत तिला झोप लागली. डोकं काचेला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. आमचा थांबा आला तेव्हा मी तिला उठवलं नाही. बस पुढे गेली, बंदरापर्यंत, शेवटच्या थांब्यापर्यंत. ड्रायव्हरने दिवे लावून वर येऊन पाहिलं, मी बोट ओठांवर ठेवलं, आणि तो म्हणाला, बसा, मी इथूनच परत जाणार आहे.